केसाने गळा

पहाटे साडेचारला म्वाकियो मान मागे टाकतो
आणि मी फोनचा उजेड धरते.
हनुवटीखाली, गळ्यावर, कॉलर घासते तिथे
काही बारीक, काही टपोरे, दोन-चार पिकलेले.
एकदा मोजले होते.
एकतीसवर तो म्हणाला, पगार असा मोजत जा.

बँकेच्या दारात उभं राहायचं
तर दाढी गुळगुळीत हवी, रोज.
मोंबासाचं ऊन, बारा तास,
घामाचं मीठ उतरत येतं त्या फोडांवर
आणि हा येणाऱ्या प्रत्येकाला म्हणतो, करिबू,
दात दाखवून.

त्याचे केस स्प्रिंगसारखे.
वस्तरा त्यांना तिरकं टोक काढून देतो, पेन्सिलीला काढावं तसं,
आणि दोन दिवसांत ते वळून
ज्या कातडीतून आले तिच्यातच घुसतात.
केसाने गळा कापला, असं लोक
दुसऱ्याबद्दल म्हणतात.
ह्याचा केसही ह्याचाच.

शेजारची म्बेयू मुआरोबाईनीचा पाला घेऊन आली.
आपला कडुनिंबच तो, इकडे त्याला
चाळीस दुखण्यांचं झाड म्हणतात.
उकळलं, गाळलं, शेकलं.
हे दुखणं एक्केचाळिसावं असावं.

सुपरवायझरने स्वतःचं आफ्टरशेव्ह दिलं.
म्वाकियो ओरडला नाही,
नुसता बेसिन धरून उभा राहिला.

आणि माझी सुई.
ज्योतीवर धरलेली, बटणं लावायचीच.
टोचलं की आत केस दिसायचा,
वेटोळं घालून झोपलेला.
खरं सांगते, तो उपसून काढताना मला बरं वाटायचं.
भाडं माझ्या हातात नव्हतं, फी नव्हती,
हे एवढं होतं.

दवाखान्यात नाफुला मॅडमनी आधी त्याचा गळा पाहिला,
मग माझी बोटं.
सुई कोण चालवतं?
मी हात लेसोखाली नेले.

त्या रागावल्या नाहीत, हळू बोलल्या, ते जास्त लागलं.
कोमट पाण्याचा फडका, दहा मिनिटं, दोन वेळा.
केसाची कडी वर दिसली तर फक्त उचलायची,
उपटायची नाही.
ही ट्यूब, बोटाच्या पेराएवढी.
आणि वस्तरा बंद. सहा आठवडे.

म्वाकियो हसला.
मॅडम, सहा आठवड्यांत माझ्या जागी सहा जण उभे राहतील.

त्यांनी कागदावर लिहून दिलं, शिक्का मारला.
कंपनीने कागद दोनदा वाचला
आणि त्याला सिमेंटच्या गोदामावर टाकलं, रात्रपाळीला,
दोन कुत्र्यांसोबत.
कुत्र्यांना दाढीचं काही नसतं.

पहिले पंधरा दिवस उलट वाढलंच.
मी सुईचा डबा म्बेयूकडे ठेवायला दिला,
दारूड्याने बाटली द्यावी तसा.
मग एकेक कडी आपणहून सुटू लागली,
केस बाहेर येऊन उभे राहू लागले,
उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखे, जरा ओशाळलेले.
चौथ्या आठवड्यात तो कुशीवर झोपला.
सकाळी अभ्र्यावर डाग नव्हता.
मी तो तरीही धुतला.

आता तो पुन्हा दारात उभा असतो.
कोंगोवेआच्या बाजारातून हप्त्यावर मशीन आणलं,
ते एक मिलिमीटर मागे ठेवतं.
पहिल्या दिवशी सुपरवायझर जवळ आला,
डोळे बारीक करून बघत राहिला,
काही बोलला नाही.
त्या एका मिलिमीटरवर
सध्या आमची चूल, पोराची शाळा
आणि मशीनचेच उरलेले तीन हप्ते.

काळे डाग आहेत अजून. जातील, सावकाश, मॅडम म्हणतात.
डबा परत आणलाय, त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावायला.
पण कधी पहाटे, तो झोपेत असताना,
मी बोट फिरवते हनुवटीखाली, उजेड न लावता,
आणि एखादा दाणा लागलाच
तर उठते,
पाणी तापत ठेवते.